दिवाणखान्यातला संगणक : सुट्या भागांच्या निवडीचा अनुभव

टीव्हीला कायमचा जोडून ठेवायचा संगणक निवडताना प्रोसेसरपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण दुकानात, जाहिरातींत आणि मित्रांच्या गप्पांतही संगणकाची ओळख प्रोसेसरच्या नावानेच करून दिली जाते. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. घरात पाहायचे नेमके काय आहे याची यादी आधी केली, ते कोणत्या पडद्यावर आणि कोणत्या ध्वनियंत्रणेतून जाणार हे तपासले, टीव्हीखालच्या लाकडी खणाची मापे घेतली आणि प्रोसेसरचे नाव त्या कागदावर जवळजवळ शेवटी लिहिले. या क्रमामुळे खर्च कमी झाला असे मी म्हणणार नाही, पण प्रत्येक भाग कशासाठी घेतला याचे उत्तर मात्र आज माझ्याकडे आहे.

आमच्या घरातला साठा सरमिसळ आहे. मराठी नाटकांच्या जुन्या व्हीसीडी वडिलांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या आहेत. त्यांवरील चित्र एमपेग-१ पद्धतीचे, ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे असते. त्यानंतरच्या काळातल्या डीव्हीडी ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांच्या आहेत आणि त्यांतल्या नाटकांचे व कार्यक्रमांचे चित्रण बहुतांशी इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांनी एक पूर्ण चौकट बनवणारे आहे. घरच्या लग्नकार्यांच्या मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेल्या फायलीही याच जातीच्या. त्याखेरीज ब्लू-रेवरून घेतलेले पूर्ण एचडी चित्रपट आणि एचडीआर (उजेड-सावलीचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या) रंगांचे काही ४के चित्रपट आहेत. म्हणजे एकाच यंत्राला अगदी जुने, अस्पष्ट, कंगव्यासारख्या रेघा उमटवणारे चित्रण आणि एचईव्हीसी पद्धतीने दाबलेले, दहा बिटांच्या रंगांचे ताजे चित्रण, असे दोन्ही नीट दाखवता यायला हवे होते. बाजारातले बहुतेक सल्ले दुसऱ्या प्रकारासाठीच असतात. पहिल्याचा विचार कोणी करत नाही, आणि आमच्या घरी तर पाहिले जाते ते जास्त करून पहिलेच.

सशुल्क ओटीटी सेवांचे काय करायचे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. नेटफ्लिक्सचे ४के चित्र संगणकावर पाहायचे तर विंडोज लागते, एज ब्राउझर किंवा त्यांचे स्वतःचे ॲप लागते आणि पडद्यापर्यंतची सारी साखळी एचडीसीपी २.२ हे नक्कलरोधक संरक्षण मानणारी असावी लागते. लिनक्सवर याच सेवा कमी प्रतीचे चित्र देतात. टीव्हीत मात्र या साऱ्या सेवांची ॲप्स आधीच आहेत आणि ती उत्तम चालतात. जे काम टीव्ही बिनबोभाट करतो ते संगणकावर लादण्यासाठी कार्यप्रणाली, परवाने आणि अटींचे लटांबर वाढवण्यात मला अर्थ दिसला नाही. म्हणून संगणकाकडे फक्त घरचा साठा द्यायचा, असे ठरले. हा निर्णय होताच विंडोजची गरज संपली. फक्त कोडी हे माध्यम-सॉफ्टवेअर चालवण्यापुरती बनवलेली लिब्रेईलेक ही छोटी लिनक्स प्रणाली पुरेशी होती. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी जन्मलेले आणि २०१४ पर्यंत एक्सबीएमसी या नावाने ओळखले जाणारे कोडी माझ्या ओळखीचे होते. शिवाय विंडोजमधले मीडिया सेंटर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० पासून काढूनच टाकले असल्याने, दूर बसून रिमोटने चालवता येईल असा पडदा मला तिथेही वेगळा बसवावाच लागला असता.

‘मग टीव्हीलाच पेन ड्राइव्ह का लावत नाहीस?’ हा घरातला पहिला आक्षेप होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. टीव्हीचा अंगभूत प्लेअर अनेक फायली चालवतो. परंतु इंटरलेस्ड चित्रण तो फार ओबडधोबड हाताळतो, काही प्रकारचे ध्वनी नाकारतो, आणि बहुतेक टीव्हींप्रमाणे आमच्याही टीव्हीचे लॅन पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटांचेच आहे. ४के ब्लू-रेचा प्रवाह काही वेळा १०० मेगाबिटांच्या पुढे जाऊ शकतो. याचा अर्थ चित्रपटाचा बराचसा भाग सुरळीत चालून नेमक्या गजबजलेल्या दृश्यात चित्र अडखळणार.

रास्पबेरी पाय ५ चा विचारही मी केला. त्यात एचईव्हीसी पद्धतीने दाबलेले चित्र उलगडणारे यंत्रांग आहे, पण एच.२६४ या जुन्या पद्धतीसाठीचे यंत्रांग त्याच्या आधीच्या पाय ४ मध्ये होते ते यात काढून टाकले आहे आणि एव्ही१ या नव्या पद्धतीसाठी तर नाहीच. त्यातला मुख्य प्रोसेसर पूर्ण एचडी चित्र स्वबळावर उलगडतो हे खरे, तरी पुढच्या पाच-सात वर्षांसाठी मला ते तोकडे वाटले. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवरचे तयार छोटे संगणक हा त्याहून गंभीर पर्याय होता, आणि ज्याला जुळणीची हौस नाही त्याने डोळे झाकून तोच घ्यावा असे मी आजही सांगेन. चार गाभे (कोअर), ६ वॅटची आखणी आणि एव्ही१ सुद्धा उलगडणारे ग्राफिक्स, एवढे सगळे तळहाताएवढ्या डबीत मिळते. मला दोन गोष्टी खटकल्या. त्या डबीतला पंखा फार लहान असतो आणि लहान पंख्याला तेवढीच हवा हलवण्यासाठी जोरात फिरावे लागते, त्यामुळे त्याचा आवाज चिरका येतो. शिवाय त्यातले काही बिघडले तर सगळा बोर्डच बदलावा लागतो. सुट्या भागांच्या संगणकाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेला तर मी तो संध्याकाळी बाजारातून आणून रात्री बसवू शकतो, ही सोय मला महत्त्वाची वाटते.

आता प्रोसेसर. चित्रपट पाहण्याच्या कामात प्रोसेसरचे गाभे जवळजवळ रिकामे बसलेले असतात. सारे काम ग्राफिक्समधला चित्र उलगडणारा स्वतंत्र विभाग करतो. म्हणून प्रश्न वेगाचा नसून त्या विभागाला कोणत्या पद्धती येतात एवढाच असतो. इंटेलमध्ये दहा बिटांचे एचईव्हीसी सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ अकराव्या पिढीच्या ग्राफिक्सपासून उलगडता येते. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी त्याच्या दर्जाच्या मानाने स्वस्त मिळत होता आणि गाभ्यांच्या बाबतीत माझ्या निवडीपेक्षा कितीतरी दमदार होता, पण त्यातल्या जुन्या वेगा ग्राफिक्सला एव्ही१ येत नाही, म्हणून तो यादीतून गेला. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नाही हे आधीच पक्के होते, कारण कार्ड आले की उष्णता, आणखी एक पंखा आणि मोठे कॅबिनेट ओघाने येतातच. जुने संगणक टीव्हीला जोडण्यासाठी अजूनही सुचवल्या जाणाऱ्या जीटी १०३० या कार्डालाही एव्ही१ येत नाही.

उरले ते एलजीए १७०० या सॉकेटात, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत, बसणारे दोन प्रोसेसर : पेंटियम गोल्ड जी७४०० आणि कोअर आय३-१२१००. चित्र उलगडण्याची क्षमता दोघांची सारखीच आहे. जी७४०० मध्ये दोनच गाभे आहेत आणि केवळ फायली चालवायच्या तर तेही पुरतात. तरी मी आय३ घेतला, कारण इंटरलेस्ड चित्रणाच्या रेघा काढण्याचे उत्तम काम कधी कधी ग्राफिक्सकडून न होता सॉफ्टवेअरमधल्या गाळणीकडून करून घ्यावे लागते आणि ते ओझे गाभ्यांवर पडते. त्याशिवाय दहा बिटांच्या एच.२६४ सारखे काही आडवळणाचे प्रकार या ग्राफिक्सला उलगडता येत नाहीत. तेही गाभ्यांनाच ओढावे लागतात. चार गाभे आणि आठ थ्रेड असले की ही चिंता उरत नाही.

खरेदीसाठी मी ठाण्याहून लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी संगणकवाल्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे. पहिल्या दुकानात माझी यादी पाहून दुकानदाराने लगेच सुचवले, ‘साहेब, १२१००एफ घ्या, स्वस्त पडेल.’ स्वस्त पडतो हे खरेच, कारण इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस एफ असते त्यात अंगभूत ग्राफिक्स बंद केलेले असते. खेळांसाठी वेगळे कार्ड घेणाऱ्याला तो सल्ला उत्तम आहे. माझ्या संगणकाचा तर सारा डोलारा त्या अंगभूत ग्राफिक्सवरच उभा होता. या कामासाठी कोणी यादी करत असेल तर त्या एका अक्षरावर तांबड्या पेनाने खूण करून ठेवावी. दुसरे, प्रोसेसर खोक्यातला आहे की नुसता ट्रेमधला, हेही विचारावे. खोक्यातल्या प्रोसेसरला इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते, तर ट्रेमधल्याची जबाबदारी विकणाऱ्याच्या शब्दावर. जीएसटीचे पक्के बिल घेतले की भाव थोडा चढतो. तो मी मुकाट्याने दिला.

मदरबोर्ड निवडताना मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो मागच्या बाजूच्या एका एचडीएमआय पोर्टसाठी. दुकानात ‘एचडीएमआय आहे ना?’ एवढेच विचारले तर उत्तर नेहमी होकारार्थी मिळते. प्रश्न आवृत्तीचा असतो. एच४१० सारख्या जुन्या चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर ते पोर्ट बहुधा १.४ आवृत्तीचे असते आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकते. चित्रपट २४ चौकटींचा असल्याने तेवढ्याने भागेल असे वाटते, पण ५० किंवा ६० चौकटींचे ४के चित्रण त्यातून जाणार नाही, आणि एचडीआरची माहिती वाहून नेण्याची सोय एचडीएमआयमध्ये २.०ए या आवृत्तीपासून आली. म्हणून बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत ‘३८४० गुणिले २१६०, ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट लिहिलेले पाहिल्याखेरीज मी पैसे दिले नाहीत. खोक्यावरची चित्रे आणि दुकानदाराची स्मरणशक्ती यांपेक्षा ती पुस्तिका भरवशाची, आणि ती निर्मात्याच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते.

हर्ट्झचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो याचा, विषय निघाला आहे तर तो पुरता सांगतो, कारण घरच्या चित्रपटगृहासाठी तो गाभ्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. ब्लू-रेवरचा चित्रपट बहुधा सेकंदाला २३.९७६ चौकटींचा असतो. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवून हिशेब जुळवावा लागतो, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा चित्र हलके हिसके देते. आमच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी २५ चौकटींच्या, म्हणजे त्यांना ५० हर्ट्झ हवे. कोडीमध्ये फाइलप्रमाणे पडद्याची गती बदलण्याची सोय आहे, परंतु ग्राफिक्सने ती नेमकी गती देणे भाग असते. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीची याबाबत अपकीर्ती होती : २३.९७६ मागितले तर ती जवळजवळ २४ द्यायची. हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण त्यामुळे साधारण दर ४२ सेकंदांनी एक चौकट जास्तीची दाखवावी लागते आणि ज्याला ते एकदा दिसले त्याला ते पुढे दिसतच राहते. घरात पडून असलेला जुना संगणकच टीव्हीला लावावा, या सल्ल्याकडे मी ज्या कारणांनी पाठ फिरवली त्यांतले हे एक.

बोर्डाच्या आकाराबाबत मी बाजारासमोर नमते घेतले. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० मिलिमीटर चौरसाचा असतो आणि दिवाणखान्यात तो शोभलाही असता. पण त्या आकारात पर्याय मोजके आणि भाव चढे होते. एच६१० चिपसेटचे मायक्रो-एटीएक्स बोर्ड मात्र दुकानोदुकानी होते. आमच्या टीव्हीखालचा खण पुरेसा रुंद असल्याने मोठा बोर्ड सामावणारे आडवे कॅबिनेट तिथे बसत होते. डीडीआर४ रॅम चालणारा बोर्ड घेतला, कारण या कामात डीडीआर५ ने काहीही फरक पडत नाही. रॅम ८ जीबी पुरते. ती ४ जीबीच्या दोन पट्ट्यांत घेतली, कारण अंगभूत ग्राफिक्स तीच रॅम वापरते आणि दोन पट्ट्यांमुळे तिला रुंद वाट मिळते.

ध्वनीचा मार्ग कसा न्यायचा यावर घरात बराच खल झाला. टीव्हीत एआरसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर पाठवण्याची सोय, असल्याने संगणक टीव्हीला जोडावा आणि टीव्हीतून आवाज स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरकडे न्यावा, असे भावाचे म्हणणे होते. साध्या एआरसीतून डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या ध्वनिपद्धतींचे अस्सल, काहीही न गाळलेले प्रवाह जात नाहीत. त्यासाठी ई-एआरसी ही तिची सुधारित आवृत्ती लागते. त्यातच काही टीव्ही निर्मात्यांनी डीटीएसला पूर्ण फाटा दिला आहे. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींतून ते काढले. आमचा रिसीव्हर ४के चित्र पुढे पाठवू शकणारा असल्याने संगणक थेट रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला, अशी सरळ साखळी केली. कोडीमध्ये ध्वनी न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवण्याची सोय चालू केली की संगणकातल्या साउंड कार्डाची प्रत अजिबात महत्त्वाची राहत नाही. त्यामुळे बोर्डावर ध्वनीसाठी सोनेरी कपॅसिटर असल्याच्या जाहिरातीकडे मी निर्धास्तपणे दुर्लक्ष केले.

शांतता हा या साऱ्या खटाटोपाचा मुख्य हेतू होता. आपल्याकडे छताचा पंखा चालू असताना संगणकाच्या आवाजाची चर्चा करणे हास्यास्पद वाटते, हे मला मान्य आहे. पण पंखा बंद असलेल्या डिसेंबरातल्या रात्री किंवा एसी मंद गतीवर असताना नाटकातला एखादा विराम येतो आणि नेमकी तेव्हाच खणातली घरघर ऐकू येते. पंखाच नसलेली, सारे कॅबिनेट उष्णता बाहेर टाकण्यासाठी वापरणारी कॅबिनेटे परदेशी कंपन्या बनवतात, परंतु त्यांची किंमत माझ्या बाकीच्या भागांच्या बेरजेजवळ जात होती. शिवाय उन्हाळ्यात खोलीच पस्तीस अंशांवर असते, तेव्हा बंद लाकडी खणात निव्वळ धातूच्या पट्ट्यांवर विसंबणे मला पटले नाही. त्यामुळे मोठा पंखा अगदी हळू फिरवायचा, हे साधे सूत्र धरले. कॅबिनेटच्या बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा बसवला आणि प्रोसेसरवर नॉक्टुआचा एनएच-एल९आय हा ठेंगणा कूलर लावला. पंख्यासकट त्याची उंची ३७ मिलिमीटर आहे. प्रोसेसरच्या खोक्यात येणारा कूलर टाकाऊ नाही, पण ओझे वाढताच तो आपले अस्तित्व जाणवून देतो. एलजीए १७०० सॉकेटची भोके आधीच्या सॉकेटपेक्षा वेगळ्या अंतरावर असल्याने कूलर त्याच सॉकेटच्या जोडणीसह आहे ना, हे खोक्यावर पाहून घेतले.

कूलरइतकाच उपयोग बायोसमधल्या (बोर्डाच्या मूळ मांडणीतल्या) एका आकड्याचा झाला. आय३-१२१०० ची मूळ वीजमर्यादा ६० वॅट असते आणि जोर लावताना ती ८९ पर्यंत जाते. मी ती ३५ वॅटवर आणून ठेवली. चित्रपट पाहताना त्याचा काहीही परिणाम जाणवत नाही. फक्त कोडी साऱ्या साठ्याची नव्याने नोंद घेते तेव्हा दोन-चार क्षण जास्त लागतात. याच कामासाठी इंटेल नावाअखेरीस टी असलेले ३५ वॅटचे प्रोसेसर बनवते, पण ते तयार संगणक बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातात आणि किरकोळ बाजारात क्वचित दिसतात. उष्णतेच्या बाबतीत अखेरचे काम सुताराने केले : खणाच्या मागच्या फळीला खाली दोन आणि वर दोन मोठी गोल भोके पाडून दिली. खालून थंड हवा येते, वरून गरम निघून जाते. पंख्यांच्या जाहिराती वाचण्यात घालवलेल्या वेळापेक्षा त्या चार भोकांनी जास्त फरक पडला. हवा आत येण्याच्या जागी जाळीची गाळणी लावली आहे; ठाण्यातल्या धुळीला महिनाभरही दया नाही.

एसएमपीएसच्या बाबतीत दुकानदारांचा कल मोठ्या आकड्याकडे असतो. माझ्या संगणकाची सगळी भूक पूर्ण ओझ्याखालीही शंभर वॅटच्या आत राहते आणि चित्रपट पाहताना तर ती वीस-पंचवीस वॅटच असते. एसएमपीएसची कार्यक्षमता सांगणाऱ्या ८० प्लस या प्रमाणपत्राच्या नेहमीच्या चाचण्या एकूण क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्क्यांवर होतात. ५५० वॅटच्या एसएमपीएसकडून वीस वॅट घेतले तर ते चार टक्केही होत नाहीत आणि त्या टोकाला कार्यक्षमता किती हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही. म्हणून मला लहान आणि चांगला हवा होता. कमी ओझ्यावर पंखा बंदच ठेवणारा ४५० वॅटचा मिळाला; त्याहून लहान आणि विश्वासार्ह मिळाला असता तर तो घेतला असता. अनोळखी छापाचे, आकडा मोठा आणि वजन हलके असलेले एसएमपीएस मात्र फुकट दिले तरी घेऊ नयेत. घरच्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ असे बटण असते. ते त्या बाजूला ठेवले की वीज जाताना बदल लवकर होतो आणि संगणक बंद पडत नाही. त्यामुळे वेगळा यूपीएस घेतला नाही.

साठवणीचा विचार करताना हार्ड डिस्क दिवाणखान्यात नकोच, हे मी ठरवून टाकले होते. ४के चित्रपटाची एक फाइल सहज पन्नास-साठ जीबीची होते, म्हणजे सगळा साठा एसएसडीवर ठेवणे परवडणारे नव्हते, आणि फिरत्या डिस्कची खरखर लाकडी खण आणखी वाढवतो. झोपण्याच्या खोलीतला जुना संगणक फाइल ठेवण्याच्या कामाला लावला, त्यात मोठ्या डिस्क घातल्या आणि तिथून दिवाणखान्यापर्यंत कॅट ६ केबल नेली. डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची आहे याची खात्री करून घेतली. एसएमआर पद्धतीत माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात, म्हणून सलग मोठे लेखन करताना ती डिस्क मंदावते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्क तशा असल्याचे उघड झाले तेव्हा यावर बरीच आरडाओरड झाली होती. वाय-फायवर विसंबलो नाही, कारण आमच्या इमारतीत प्रत्येक घरात एक राउटर आहे आणि रात्री नऊनंतर त्या गर्दीत कोणाचेच काही खरे नसते. दिवाणखान्यातल्या संगणकात १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे. लिब्रेईलेकला त्यातला एक कोपराही पुरतो. उरलेल्या जागेत आईच्या नेहमीच्या नाटकांच्या प्रती ठेवल्या आहेत, म्हणजे आतला संगणक बंद असला तरी तिचे अडत नाही.

तबकडीचा ड्राइव्ह बसवावा का, यावर मी ‘फक्त डीव्हीडीपुरता’ असे उत्तर काढले. ४के ब्लू-रे संगणकावर अधिकृतपणे चालवायला इंटेलचे एसजीएक्स हे सुरक्षा-तंत्र लागत असे आणि इंटेलने ते अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढून टाकले. म्हणजे नवा प्रोसेसर घेतला की तो अधिकृत मार्ग बंद, आणि जुना घेतला की एव्ही१ नाही. ज्याच्याकडे ४के तबकड्यांचा संग्रह आहे त्याने सरळ स्वतंत्र प्लेअर घ्यावा. आमच्या व्हीसीडी आणि डीव्हीडींसाठी यूएसबीला लागणारा बाहेरचा ड्राइव्ह पुरला. सगळ्या तबकड्या आता फायलींमध्ये उतरल्या असल्याने तो कपाटात असतो.

आईच्या हातात कीबोर्ड द्यायचा नाही, ही माझी अट होती; तिची अट होती की रिमोट एकच असावा आणि त्यावर बटणे कमी असावीत. टीव्हीचा रिमोट एचडीएमआय केबलमधून दुसऱ्या उपकरणालाही चालवू शकतो, त्या सोयीला सीईसी म्हणतात. सेट-टॉप बॉक्स आणि रिसीव्हर यांच्यात ती सहसा असते, सामान्य संगणकाच्या एचडीएमआय पोर्टवर मात्र नसते. ती आणून देणारे यूएसबी उपकरण मिळते, पण ते केबलच्या मध्येच बसवावे लागते आणि चित्राच्या मार्गात आणखी एक सांधा मला नको होता. त्याऐवजी फ्लर्क नावाचा, कोणत्याही रिमोटची इन्फ्रारेड बटणे कीबोर्डच्या कळा म्हणून संगणकाला सांगणारा छोटा यूएसबी तुकडा घेतला आणि घरातला एक जुना रिमोट त्याला शिकवला. रिमोटने संगणक झोपेतून जागा व्हायचा असेल तर बायोसमधला ईआरपी हा वीजबचतीचा पर्याय बंद ठेवावा लागतो; तो चालू असेल तर झोपेत यूएसबीला वीजच मिळत नाही आणि रिमोट कितीही दाबला तरी कोणी ओ देत नाही.

शेवटची खरेदी केबलची. संगणक ते रिसीव्हर अंतर फूटभर, पण रिसीव्हर ते टीव्ही भिंतीतल्या नळीतून तीन मीटर जाते. एचडीएमआय २.० च्या १८ गिगाबिट प्रवाहासाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणपत्र असते आणि त्याच्या खोक्यावरचा कोड फोनने तपासता येतो. नळीत एकदा गेलेली केबल पुन्हा काढणे कटकटीचे असल्याने ती प्रमाणित घेतली आणि नळीत घालण्याआधी जमिनीवर पसरून एक सबंध ४के चित्रपट तिच्यावर चालवून पाहिला. केबल कमी प्रतीची असेल तर क्षणभर पडदा काळा होतो किंवा ठिपके चमकतात, आणि ते बहुधा ६० हर्ट्झ व दहा बिट एकत्र आल्यावर दिसते.

जुळणी झाल्यावर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायच्या वीजमापकावर ४के चित्रपट चालू असताना आकडा पंचविशीच्या आसपास राहिला आणि झोपेत तो दोन-तीन वॅटवर आला. वीस वॅट चोवीस तास महिनाभर चालू राहिले तर सुमारे साडेचौदा युनिट होतात, म्हणून अर्धा तास कोणी काही पाहिले नाही की संगणकाने स्वतःहून झोपावे असे कोडीत लावून ठेवले आहे. नाटकांच्या डीव्हीडींसाठी मी रेघा काढण्याच्या दोन्ही पद्धती, ग्राफिक्सची आणि सॉफ्टवेअरची, आलटून पालटून पाहिल्या. रंगमंचावर पात्र झटकन वळते किंवा साडीचा काठ हलतो तिथे सॉफ्टवेअरची बीडब्ल्यूडीआयएफ गाळणी मला अधिक स्वच्छ वाटली, आणि तिचे ओझे आय३ च्या गाभ्यांना जाणवतही नाही. व्हीसीडीवरच्या चित्राला मात्र कोणताच भाग वाचवू शकत नाही. १,०१,३७६ ठिपके पंचावन्न इंची पडद्यावर ताणले की ते तसेच दिसणार. ती नाटके आम्ही पडद्याच्या मधल्या अर्ध्या भागात, भोवती काळी चौकट ठेवून पाहतो.